अनुभव धागा: ‘ऐक ना रे बाळा!’ छडीशिवाय आज्ञापालन

धागाकर्ती, रत्नागिरी

मे महिना आला की आमच्याकडे मुंबईकर नातेवाईक उतरतात, घर भरतं, आणि साडेतीन वर्षांचं पोर कुणाचंच ऐकेनासं होतं. मग सल्ले सुरू. निम्मं घर म्हणतं ‘एक ठेवून दे’, उरलेलं म्हणतं ‘लहान आहे, सोड गं.’ बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांना आईबापांच्या आज्ञेत राहायला सांगितलंय आणि तिथेच चौथ्या वचनात बापांना बजावलंय की मुलांना चिरडीस आणू नका. पहिलं वचन सगळ्यांना तोंडपाठ. दोन्ही वचनं एकदम पाळणारी घरं कशी चालतात, ते वाचायचंय. तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे अनुभव लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, सगळे या. उपदेश नको, घरात काय होतं ते सांगा.

आई, वसई (पाचूबंदर)

आमचे हे बोटीवर. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हाच काय ते सलग घरी. एरवी मी ‘थांब, येऊ देत पप्पांना’ असा दम भरावा, असं सासूबाईंना वाटतं. ते वाक्य मी घरात शिरू दिलं नाही. बाप आला की पोरीनं दाराकडे धावावं, पलंगाखाली लपू नये.

माझा शब्द मीच पाळून घेते. म्हणजे स्वयंपाकघरातून हाका मारत बसायचं नाही. उठायचं, तिच्याजवळ उकिडवं बसायचं, तिनं माझ्याकडे बघितलं की एकच काम सांगायचं: ‘खेळणी टोपलीत.’ हलली नाही, तर तिचा हात हातात घेऊन पहिलं खेळणं दोघींनी मिळून टाकायचं. पुढची बहुतेक वेळा ती टाकते. सांगितलं आणि सोडून दिलं, असं करत नाही; म्हणूनच दिवसभरात सांगते कमी. यात तव्यावरची भाकरी करपते कधीकधी. करपू दे.

आजी, वेंगुर्ला

चारचौघांत नातीला बोलायचं नाही, हा माझा नेम. बाजूला नेऊन कानात सांगते. आणि काय करू नको यापेक्षा काय कर ते सांगते. ‘बाय, आधी पाय धू, मगे खाजा.’ कुणी लाच म्हणेल तर म्हणो, खाजा मी तसाही देणारच असते.

संडे स्कूल शिक्षिका, अलिबाग

माझ्या वर्गातली मुलं चार-पाच वर्षांची. आज्ञापालनाचा धडा म्हटला की दहा आज्ञांचा तक्ता काढतात, मी मात्र मत्तय 21 मधल्या दोन मुलांची गोष्ट घेते. बाप दोघांनाही द्राक्षमळ्यात कामाला जा म्हणतो. एक म्हणतो ‘नाही जात’, पण नंतर पस्तावून जातो. दुसरा ‘जातो, महाराज’ म्हणतो आणि जातच नाही. आमच्या पोरांनी द्राक्षमळा कुठे बघितलाय? मी काजूची बाग करते आणि बिया वेचायला पाठवते. दोन मुलं उभी करायची, एकानं ‘नाही’ म्हणून पाय आपटायचे, मग हळूच जाऊन टोपली भरायची. कुणी बाबांचं ऐकलं, असं विचारलं की पहिल्यांदा गोंधळ उडतो, कारण ‘हो’ म्हणणारा शहाणा, हेच त्यांना ठाऊक असतं.

खरा फायदा झाला तो पालकांना. चार वर्षांचं मूल आधी ‘नाही’च म्हणतं. त्या ‘नाही’वर तुटून पडलं की भांडण शब्दावरून होतं आणि काम राहतं बाजूला. एका आईनं सांगितलं, आता ती ‘नाही’ ऐकते, गप्प उभी राहते, आणि लेक कुरकुरत का होईना चपला जागेवर ठेवतो. मग त्या ठेवलेल्या चपलांचंच कौतुक.

बाबा, मालवण

हे सगळं ठीक, पण आमच्या परसात विहीर आहे आणि कठडा जेमतेम. तिथे कानात सांगायला वेळ नसतो. म्हणून ‘थांब’ हा हुकूम फक्त धोक्यासाठी राखून ठेवलाय, जेवताना-खेळताना वापरत नाही. ओहोटीला किनाऱ्यावर त्याचा खेळ करतो: पळ, पळ, थांब! मी पण थांबतो. कारण सांगायचं ते थांबल्यावर, कडेवर घेऊन.

आई, कोर्लई

संध्याकाळची रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, हे आमचं रणांगण. पाच दशकं, दर दशकात दहा नमो मरिया. तीन वर्षांचा मुलगा एवढं बसेल कसा? तो पहिल्या दशकापुरता बसतो, मणी तोच सरकवतो. मग ओटीवर मोकळा. सुरुवातीला मोठ्यांना हे रुचलं नाही.

आजोबा, सावंतवाडी

नीतिसूत्रे 13:24 विसरलात का सगळे? जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा वैरी, असं लिहिलंय तिथे. आम्ही छडी खाऊनच सरळ झालो.

संडे स्कूल शिक्षिका, अलिबाग

काका, शिस्त हवी, हे मान्यच. पण स्तोत्र 23 मध्येही मेंढपाळाची काठी आहे, आणि दावीद म्हणतो ती मला धीर देते. छडी उगारली की चार वर्षांच्या पोराचं लक्ष छडीवर असतं, आपण काय सांगतोय त्यावर नाही.

धागाकर्ती, रत्नागिरी

मला लूक 2 मधली मरीया आठवली. बारा वर्षांचा येशू हरवला, तीन दिवसांनी मंदिरात सापडला, तर ती आधी विचारते की बाळा, असं का वागलास, आणि आम्ही किती कष्टी झालो तेही सांगते. पुढे तो त्यांच्याबरोबर नासरेथला जातो आणि त्यांच्या आज्ञेत राहतो. पण मरीयेच्या घरात मे महिन्यातले पाहुणे नव्हते! मी पोराला काही सांगत असताना मधे तोंड घालणाऱ्या नातेवाइकांचं काय करायचं, ते कुणीच लिहिलं नाही.

आजी, वेंगुर्ला

त्यांना फणसाचे गरे काढायला बसव. एकदा हात चिकात गुंतले की कुणी उठत नाही. हाताला तेल लावायची आठवण मात्र करू नको.