जुनी मोटरहोम घेण्यापूर्वी काय पाहावे?

प्रश्न (जुळे सोलापूर): ओळखीच्या गृहस्थांकडील १९९८ सालची मोटरहोम (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) घेण्याचा आमचा विचार आहे. इंजिन मेकॅनिकने तपासले आहे. आणखी काय पाहावे?

पहिले उत्तर: दादा, इंजिन दुरुस्त होते, कुजलेली बॉडी मात्र खिसा रिकामा करते. छताच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी आतल्या प्लायवूडमध्ये मुरते, म्हणून खिडकीखालचे कोपरे अंगठ्याने दाबून पाहा. माझ्या गाडीत अंगठा सरळ आत गेला होता. टायरवरील निर्मितीच्या तारखेच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर सोलापूरच्या मे महिन्यात दगा देते.

दुसरे उत्तर: खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते, म्हणून नूतनीकरण झाले आहे का आणि आतील बदल आरसीवर नोंदले आहेत का, हे बयाणा देण्याआधीच पाहावे.