उलट्या बोंबा वेगळ्या, प्रक्षेपण वेगळं
समोरच्या पक्षावर आपण करतो ते आरोप म्हणजे आपल्याच मनाचं प्रक्षेपण (आपल्यातला दोष दुसऱ्यात दिसणं), असं म्हणतात; हे मला अर्धंच पटलं. मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडच्या अर्थाने प्रक्षेपण नकळत घडतं. उलट्या बोंबा चोर पूर्ण शुद्धीत मारतो. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा एक गट म्हणे पक्ष सोडला ते गद्दार, दुसरा म्हणे २०१९ला युती मोडली तीच गद्दारी. यात कसलं आलंय प्रक्षेपण? सरळ उट्टं काढणं.

प्रक्षेपणाचा अस्सल नमुना आमच्या फॅमिली ग्रुपवर आहे. काका रात्री अकराला सलग सात फॉरवर्ड ढकलतात, एकही न वाचता. आठवा मेसेज स्वतः टाईप करतात: 'तुम्ही लोकांनी डोकं गहाण टाकलंय.' अगदी मनापासून हो! मीही लगेच दोन लिंका चिकटवल्या. न उघडताच.