घरी केलेला सायक्लोन: भुसा बादलीत पडेना, सगळा व्हॅक्यूममधेच जातोय

फुलेवाडी_रंधा
नमस्कार मंडळी. घरामागच्या पत्र्याच्या शेडमधे सुतारकाम करतोय, सागवान थोडं आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेला बोर्ड) जास्त. टेबल सॉ, हातातला पॉवर रंधा आणि सॅन्डर हाय. व्हॅक्यूम क्लीनर १४०० वॉटचा, पण एमडीएफ कापायला घेतलं की दहा-पंधरा मिनटात फिल्टर चोंदतो, ओढ जाते, मग अंगणात नेऊन ब्रशनं झाडायचा आणि ती सगळी पीठासारखी धूळ परत आपल्याच नाकातोंडात. म्हणून रविवारी बसून सायक्लोन सेपरेटर केला, म्हणजे हवा गोल फिरवून भुसा व्हॅक्यूमच्या आधीच बादलीत पाडणारं भांडं. पेंटची २० लिटरची रिकामी बादली, तिच्या झाकणावर पत्र्याचं उभं नरसाळं बसवलं, पाइप आणि एल्बो लक्ष्मीपुरीतनं आणले. रंध्याच्या ढलप्या बादलीत छान पडत्यात पण बारीक भुसा सगळा पुढं व्हॅक्यूममधेच. त्यात काल होजच्या तोंडाला एक पट्टी चिकटली आणि बादली फटकन आत चेपली, झाकणच सुटलं. कुठं चुकतंय?

आजरा_गिरण
भावा आधी दोन गोष्टी सांग. भुसा आणणारा पाइप नरसाळ्यात कसा शिरतोय, सरळ मधल्या दिशेनं का कडेला घासून? आणि वर व्हॅक्यूमला जाणारा पाइप आत किती खाली उतरलाय?

फुलेवाडी_रंधा
येणारा पाइप सरळ मधल्या दिशेनं घातलाय, भोक पाडायला तेच सोपं होतं. वरचा पाइप नरसाळ्याच्या वरच्या झाकणाला लेव्हल, आत उतरवलेलाच नाही.

आजरा_गिरण
मग तिथंच हाय सगळं. आमच्याकडं भाताच्या गिरणीच्या मागं तूस गोळा करायला हेच भांडं असतंय, लहानपणापासनं बघतोय म्हणून सांगतो. हवा कडेनं शिरली पाहिजे, म्हणजे ती पत्र्याला घासत गोल गोल फिरत खाली जाते, जड कण फिरताना बाहेर फेकले जाऊन पत्र्याला लागतात आणि घरंगळत बादलीत पडतात. खाली टोकाला गेल्यावर हवा उलटते आणि मधनं वर चढते, ती साफ झालेली हवा उचलायला वरचा पाइप मधोमध आत उतरलेला लागतो, येणाऱ्या पाइपच्या तोंडाच्या थोडा खालपर्यंत. तुझा पाइप झाकणाला लेव्हल हाय म्हणजे आत आलेला भुसा फिरायच्या आधीच शॉर्टकटनं वर जातोय. ढलप्या जड म्हणून पडल्या, पीठ कसं पडंल?

दुसरं म्हणजे लीकेज, आणि हे लई महत्त्वाचं. नरसाळ्याच्या टोकापाशी मधोमध ओढ असते, त्यामुळं बादलीच्या झाकणातनं जरा जरी हवा आत आली की ती पडलेला भुसा उचलून परत वर नेते. मशीन चालू करून अगरबत्ती पेटव आणि प्रत्येक जोडापाशी सावकाश फिरव, धूर जिथं आत ओढला जाईल तिथं फट हाय. दरवाज्याला लावतात ती फोमची पट्टी झाकणाखाली, बाकी जोडांना सिलिकॉन. आणि बादली काठोकाठ भरू देऊ नको, अर्ध्याच्या वर गेली की रिकामी कर.

पत्राकाम_उद्यमनगर
बादली चेपली त्याचं सांगतो. माझ्या व्हॅक्यूमवर २० किलोपास्कल लिहिलंय, म्हणजे होज पूर्ण बंद झाला तर एका चौरस सेंटिमीटरवर साधारण २०० ग्रॅम. कमी वाटतंय, पण ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचा हिशोब करा, १४० किलोच्या आसपास येतो. प्लास्टिक काय टिकणार. दोन बादल्या एकात एक घाला आणि आतून प्लायची एक रिंग बसवा, नाहीतर जाड पत्र्याचा ड्रम घ्या. नरसाळं नीट हवं असेल तर उद्यमनगरात पत्रा वाकवून कुणीही करून देईल, फक्त आतली शिवण घासून गुळगुळीत करून घ्या, शिवणीवर भुसा अडकतो.

नरसाळं नकोच असेल तर थीन बॅफल म्हणून एक पद्धत हाय. प्लायच्या गोल चकतीला २४० अंशात कडेनं सव्वा इंचापेक्षा जरा कमी रुंदीची फट कापायची आणि ती येणाऱ्या पाइपच्या खाली बसवायची, फटीतनं भुसा खाली पडतो. उंची कमी लागते, पण बारीक धुळीला सायक्लोनच सरस.

पीव्हीसी पाइपला हात लावल्यावर स्टॅटिक विजेचा झटका बसत असेल तर पाइपभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळून अर्थिंगला जोडा. आणि ग्रायंडरची ठिणगी या पाइपात चुकूनसुद्धा जाऊ देऊ नका, खाली बादलीभर भुसा असतो.

सागवानी_माणूस
दादा, सेपरेटर झाला म्हणून मास्क काढू नका, एवढी विनंती. सायक्लोन फिल्टर वाचवतो, पण सगळ्यात बारीक धूळ त्यातनंही पुढं जाते, म्हणून व्हॅक्यूमला हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा) फिल्टर पाहिजेच आणि जमलं तर मशीन शेडच्या बाहेर ठेवा. लाकडाची धूळ कॅन्सर करते हे आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, १९९५ सालीच सांगितलंय, नाकाचा आणि सायनसचा, आणि एमडीएफमधे वर फॉर्मल्डिहाइडचा डिंक. माझे वडील चाळीस वर्षं उपरणं बांधून रंधा मारायचे, संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल तपकिरी व्हायचा, आम्हाला वाटायचं सुतार म्हटल्यावर हे असायचंच. आता जिना चढताना मधेच थांबतात. उपरण्यानं काही अडत नाही, एन ९५ घ्या.

फुलेवाडी_रंधा
आज सगळं खोलून परत केलं. येणारा पाइप कडेनं घेतला, वरचा चार इंच आत उतरवला, दोन बादल्या एकात एक. अगरबत्तीनं दोन फटी सापडल्या, एक झाकणाला आणि एक माझ्याच सिलिकॉनच्या जोडात, धूर एकदम सुतासारखा आत ओढला जात होता. नंतर अर्ध्या एमडीएफ शीटच्या पट्ट्या पाडल्या. बादलीत चार बोटं पिवळसर पीठ साठलंय आणि फिल्टरवर नुसता हात फिरवला तर पावडर लावल्यासारखा पातळ थर, ओढ शेवटपर्यंत तशीच. आजरेवाले भावा, लई उपकार झाले. सागवानी काका, मास्कचं पटलं, येताना पाच घेऊन आलो, त्यातले दोन शेजारच्या पॉलिशवाल्या पोराला दिले. आता रंध्याच्या ढलप्यांना दीड इंची होज कमी पडतोय, मधेच तुंबतो, त्याला काय करू?

पत्राकाम_उद्यमनगर
रंध्याला व्हॅक्यूम नको. त्याला ओढ जोराची नाही, हवा जास्त लागते, म्हणजे ब्लोअर आणि चार इंची पाइप. तोवर रंध्याच्या तोंडाला कापडी पिशवी बांधा.