घरच्या संरक्षणासाठी शॉटगन: पंप, सेमी-ऑटो की दुनळी?

प्रश्न: परवाना हातात आहे. १२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) घ्यायची हे ठरलंय, पण प्रकार ठरत नाही. घरात दोघं वापरणार, त्यातल्या एकीची चण लहान आहे.

उत्तर १: पंप (पुढची मूठ हाताने मागे-पुढे करून काडतूस चढवायची) घ्या, पण सराव करणार असाल तरच. घाईत पुढची मूठ पूर्ण मागे येत नाही. मग रिकामं काडतूस अडकतं किंवा नवं चढतच नाही. नळी साधारण १८ ते २० इंच पुरे, लांब नळी दारात अडते.

उत्तर २: लहान चणीसाठी मी बाराच्याच गॅसवर चालणारी, नवं काडतूस आपोआप चढवणारी सेमी-ऑटोच सुचवेन, धक्का कमी बसतो. मात्र हलक्या काडतुसावर ती अडखळू शकते, म्हणून जे भरणार तेच आधी चालवून बघा. २० बोअरचाही (आकडा मोठा, पण नळी १२ पेक्षा बारीक) विचार करा. दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) लांब असेल तर नेम बसत नाही, तो आखूड करून घ्या.

उत्तर ३: दुनळी साधी, पण दोनच बार. आणि खोलीभर छर्रे पसरतात हा गैरसमज सोडा! चार-पाच मीटरवर झुपका जेमतेम तळहाताएवढा असतो, नेम धरावाच लागतो. मोठे छर्रे पातळ भिंत पार करतात, पलीकडे कोण झोपतं ते आधी बघा. बंदूक कुलपात, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं.