शब्दचर्चा : आरएनए कवचाला ‘चिकटतो’, ‘जोडला जातो’ की आणखी काही?

विचारणा : बारावीच्या मुलांसाठी विषाणूंवर टिपणं काढतोय. ‘विषाणूचा आरएनए आवरण-प्रथिनाशी बंध करतो’ असं लिहिलं आणि तिथंच अडलो. ‘बंध’ खटकतो, ‘चिकटतो’ फार ढोबळ वाटतं. ‘हेअरपिन’ आणि ‘कोट प्रोटीन’ यांनाही शब्द हवेत. तुम्ही काय वापरता?

प्रतिसाद : ‘बंध’ खटकतो ते योग्यच आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकांनी हा शब्द आधीच घेऊन टाकलाय : सहसंयुज बंध, हायड्रोजन बंध. आरएनए आणि कवचाचं प्रथिन एकत्र येतात तेव्हा त्यांच्यात सहसंयुज बंध (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेली पक्की जोडणी) होत नाही. काही हायड्रोजन बंध, विरुद्ध भारांचं आकर्षण, रेणूंमधल्या सपाट कड्या एकमेकींवर टेकणं अशा बारीकसारीक ओढींची ती बेरीज असते. ‘बंध करतो’ वाचलं की मुलांच्या डोक्यात नेमकी चुकीची गोष्ट बसते.

मी ‘पकड’ वापरतो. क्रियापद ‘धरणे’. घट्ट पकड, सैल पकड, पकड सुटणे, सगळं घरचंच आहे, आणि प्रयोगशाळेत मोजतात तीही पकडीची घट्टताच.

‘कोट प्रोटीन’ला ‘कवच-प्रथिन’ म्हणा, ‘आवरण’ नको. काही विषाणूंना प्रथिनांच्या कवचाबाहेर मेदाचा पापुद्रा असतो, करोनाला आहे तसा. ‘आवरण’ त्याच्यासाठी राखून ठेवलेलं बरं.

‘हेअरपिन’ला तर आपल्याकडे सुरेख शब्द आहे : आकडा. अंबाड्यात खोचतात तो. आरएनएची साखळी स्वतःवरच दुमडते, दोन पाय एकमेकांना जुळतात आणि टोकाला फास उरतो. हुबेहूब आकडा. संख्येशी गोंधळ नको म्हणून पहिल्यांदा ‘केसांच्या आकड्यासारखी घडी’ लिहा, पुढे नुसतं ‘आकडा’ चालेल.

आता हे शब्द खऱ्या उदाहरणावर लावून बघू. एमएस२ हा ई. कोलाय जिवाणूला ग्रासणारा विषाणू. त्याचा संपूर्ण आरएनए ३५६९ अक्षरांचा (अक्षर म्हणजे साखळीतला एक दुवा : ए, यू, जी किंवा सी). बेल्जियममधल्या गेंट इथे वॉल्टर फियर्स यांच्या गटाने तो १९७६ मध्ये अखेरपर्यंत वाचला. त्यात एक आकडा आहे, जेमतेम १९ अक्षरांचा. टोकाच्या फासात चार अक्षरं : ए, यू, यू, ए. थोडं खाली, पायात, एक ‘ए’ जोडीदाराविना बाहेर डोकावतो. कवच-प्रथिनं जोडीजोडीने वावरतात, आणि अशी एक जोडी हा आकडा धरते. बाहेर डोकावणारा ‘ए’ जोडीतल्या एका प्रथिनाच्या खोबणीत बसतो, फासाच्या शेवटचा ‘ए’ दुसऱ्या प्रथिनाच्या तशाच खोबणीत. (‘पॉकेट’ला ‘खोबण’ म्हणा, ‘खिसा’ नको. खिशात काहीही मावतं, खोबणीत ठरलेलीच वस्तू बसते.) फासातला दुसरा ‘यू’ प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लाच्या कडीवर सपाट टेकतो. त्या ‘यू’च्या जागी ‘सी’ घातला तर पकड कितीतरी पटींनी घट्ट होते. एका अक्षराने एवढा फरक पडतो, म्हणूनच ‘चिकटतो’ हा शब्द इथे अपुरा आहे. चिकटायला ओळख लागत नाही.

या पकडीला अर्थही आहे. आरएनएची नक्कल करणाऱ्या प्रथिनाचा कारखाना जिथून सुरू व्हायचा, तो ‘ए-यू-जी’ हा आरंभसंकेत याच आकड्याच्या पायात आहे. कवच-प्रथिन पुरेसं साठलं की ते आकडा धरतं, रायबोसोमला (प्रथिनं घडवणाऱ्या यंत्राला) तिथे सुरुवात करता येत नाही आणि ते उत्पादन थांबतं. नकला पुरे, आता कवच बांधा, असा हा निरोप.

विचारणा : ‘पकड’ आवडला. पण सगळेच विषाणू असे अक्षरं ओळखून धरतात का? तंबाखूच्या मोझेइक विषाणूचं कवच तर आरएनएच्या पूर्ण लांबीवर असतं.

प्रतिसाद : नाही, आणि म्हणूनच तिथे क्रियापद बदलावं लागतं. तंबाखूच्या विषाणूची कांडी सुमारे ३०० नॅनोमीटर लांब. तिच्यात साधारण २१३० प्रथिनं जिन्यासारखी वळत गेलेली, आणि प्रत्येक प्रथिन आरएनएची तीन-तीन अक्षरं सांभाळतं, मग ती कोणतीही असोत. ओळख लागते ती फक्त आरंभाला : आरएनएच्या आतल्या भागात एक आकडा आहे, तो प्रथिनांच्या चकतीत शिरतो. पुढे कांडी वाढते तशी आरएनएची एक बाजू मधल्या पोकळीतून वर ओढली जाते. तिथे मी ‘ओवला जातो’ लिहीन. म्हणजे आरंभी ‘धरते’, पुढे ‘ओवला जातो’.

विचारणा : एक शंका. ‘प्रथिन धरते’ म्हटलं की आरएनए नुसता पडून राहिल्यासारखा वाटतो. तसं आहे का?

प्रतिसाद : शंका अगदी मोलाची आहे. तसं नाहीये. एमएस२मध्ये मोकळी असताना प्रथिनांची जोडी दोन्ही बाजूंनी सारखी असते. आकडा बसला की एका बाजूच्या प्रथिनाच्या स्वतःच्या साखळीतला एक फास मुडपतो आणि जोडी असमान होते. कवचाचा गोल वळायला दोन्ही प्रकारच्या जोड्या लागतात. नुसत्या सारख्या जोड्यांनी तो मिटत नाही. म्हणजे आरएनए आत भरला जाणारा माल तर आहेच, पण कवचाला वळणही तोच लावतो. अलीकडच्या शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत तर विषाणूच्या आत असे बरेच आकडे कवचाला आतून टेकलेले दिसतात, कुठे घट्ट, कुठे सैल. तयार कवचात १७८ कवच-प्रथिनं, म्हणजे ८९ जोड्या, आणि एका जोडीच्या जागी वेगळंच एक प्रथिन असतं. तेही आरएनएला धरून असतं आणि जिवाणूच्या केसासारख्या धाग्यालाही तेच धरतं.

तेव्हा टिपणात असं लिहून बघा : ‘कवच-प्रथिनांची जोडी आरएनएचा आकडा ओळखून धरते, त्या पकडीमुळे जोडीचा आकार बदलतो आणि कवच रचलं जाऊ लागतं.’ ‘ओळखून’ मात्र गाळू नका. १९९८ मध्ये रॉबर्ट सिंगर यांच्या प्रयोगशाळेने यीस्टच्या जिवंत पेशीत एक आरएनए कुठे जातो ते पाहिलं, ते याच ओळखीच्या भरवशावर : आरएनएला एमएस२चे आकडे जोडले आणि कवच-प्रथिनाला हिरवं चमकणारं प्रथिन. पेशीतल्या हजारो आरएनएंमधून कवच-प्रथिनाने नेमके तेच आकडे धरले.