४८ व्होल्टवरून १२ व्होल्ट, ८ अँपिअर: कोणती कंट्रोलर चिप घ्यावी?

लिथियम बॅटरी १३ सेलची आहे, म्हणजे पूर्ण चार्जला ५४.६ व्होल्ट. रिकामी होताना ४० पर्यंत उतरते. त्यामुळे एलएम२५९६ सुचवू नका, ती ३ अँपिअरची आहे आणि ४० व्होल्टलाच थांबते.

आधी शॉटकी डायोड वापरून सर्किट केलं. चाललं, पण ड्यूटी (स्विच चालू असण्याचा वेळ) जेमतेम २२ टक्के, म्हणजे उरलेला सगळा वेळ करंट डायोडमधूनच. ३ वॉट तिथेच जातात. पाच मिनिटांत बोट ठेववत नाही. म्हणून आता दोन मॉसफेटचं (ट्रान्झिस्टर स्विचचं) सिंक्रोनस बकच, म्हणजे डायोडच्या जागी दुसरा मॉसफेट असलेलं व्होल्टेज उतरवणारं सर्किट, करायचं ठरवलंय.

एलएम५११६ आणि एलएम५१४५ यांच्यात अडकलोय. पहिली १०० व्होल्टपर्यंत चालते, करंट मोडची, म्हणजे कॉइलचा करंटही बघून नियंत्रण करणारी. दुसरी ७५ व्होल्टची, व्होल्टेज मोडची, म्हणजे फक्त आउटपुट व्होल्टेज बघून नियंत्रण करणारी. पण दुसरीला बाहेर पायच नाहीत, आणि माझ्याकडे साधी सोल्डरिंग आयर्न आहे, हॉट एअर नाही. बोर्ड दोन लेअरचा, पंखा बसवायला जागा नाही. स्विचिंग फ्रीक्वेन्सी २०० किलोहर्ट्झ धरलीय.

लोड बराच वेळ ५० मिलीअँपिअरच असतो, तेव्हा बॅटरी उगाच खाल्ली जाऊ नये.

दोन लेअरच्या बोर्डवर एलएम५११६ चा करंट सेन्स (करंट मोजणं) स्विचिंगच्या नॉइजने गडबडतो का, की व्होल्टेज मोडच घेऊ?