हंगाम तोंडावर आलाय, वेबसाइटच्या ऑर्डर आत्ता टॅलीला (हिशेबाच्या सॉफ्टवेअरला) जोडाव्यात का?

खाडीकाठ: रत्नागिरी-देवगडकडच्या आंबा व्यापाऱ्यांना वेबसाइट, गोदाम आणि टॅली यांची जोडणी आठवते ती नेमकी फेब्रुवारीत. माझं मत, हे काम पावसाळ्याचं. घोळ एपीआयमध्ये (दोन सॉफ्टवेअर जोडणाऱ्या दुव्यात) कमी, मालाच्या यादीत जास्त. वेबसाइटवर 'हापूस पेटी', गोदामात डझन, टॅलीत नग. चार डझनाची आणि सहा डझनाची पेटी एकाच नावाखाली असेल, तर साठा पहिल्या दिवसापासून खोटा. आधी प्रत्येक पेटीला वेगळा कोड द्या, मूळ एकक सगळीकडे नगच ठेवा.

जमाखर्च: यादीचं मान्य, मुहूर्ताचं नाही. पावसाळ्यात ऑर्डरच तुरळक, मग चाचणी कसली? आत्ताच फक्त काजूगर आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) जोडा. हा बारमाही माल. चुकलं तर दहा-वीस बिलं हाताने सुधारता येतात.

खाडीकाठ: आणि वीज गेली की? टॅली बाहेरून येणारी माहिती सहसा ९००० क्रमांकाच्या पोर्टवर (संगणकाच्या दारावर) एक्सएमएल या साच्यात घेते. बिल नोंदलं गेलं पण 'मिळालं' हा निरोप परतताना लाइन तुटली, तर जोडणी तीच ऑर्डर पुन्हा पाठवते. एका पेटीची दोन बिलं.

जमाखर्च: त्याला उपाय आहे की. वेबसाइटचा ऑर्डर क्रमांक बिलाच्या संदर्भात टाका, पाठवण्याआधी तो टॅलीत आहे का ते बघा. हे पावसाळ्यातही करावंच लागणार.
दुसरं म्हणजे सगळी बिलं सरसकट ई-इनव्हॉइसला (जीएसटीच्या सरकारी पोर्टलवरच्या बिलनोंदणीला) ढकलू नका. उलाढाल ५ कोटींवर असली तरी देशातल्या विक्रीत ते नोंदणीकृत खरेदीदाराच्या करपात्र मालालाच लागतं. नुसत्या ताज्या आंब्याच्या बिलाला नाही, पल्पच्या डब्यांना हो. कराचा प्रकार मालाच्या कोडलाच बांधा.

पट्टीवाला: पैशाचं दोघंही विसरलात. ५,००० रुपयांच्या ऑर्डरवर गेटवेने (ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपनीने) २ टक्के घेतले, तर १०० रुपये शुल्क, त्यावर १८ टक्क्यांनी १८ रुपये जीएसटी. बँकेत येतात ४,८८२, तेही दहा ऑर्डरी मिळून एकरकमी. विक्री थेट बँक खात्याला लावली की ताळा कधीच जुळत नाही. मध्ये 'गेटवे येणे' हे खातं हवंच. वाशी बाजारातल्या अडत्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) मात्र जोडायच्या भानगडीत पडू नका. हमाली, तोलाई वगैरे खर्च वजा होऊन ती व्हॉट्सॲपवर फोटोत येते, हातानेच भरा.

खाडीकाठ: बरं, काजूगरापुरतं चालेल. पण एकाच दिशेने, वेबसाइटकडून टॅलीकडे. टॅलीचा साठा वेबसाइटवर नको.

जमाखर्च: मग संपलेला माल विकला जाईल!

खाडीकाठ: काजूगराला तुमचं खरं. आंब्याला साठा दाखवला तर आढीत पिकायला ठेवलेला कच्चा मालही विकला जाईल. टॅलीला दोन्ही सारखेच. आढी उघडून प्रतवारी झाली की त्या दिवसाच्या पेट्यांचा आकडा वेबसाइटवर हाताने टाका.

जमाखर्च: रोज? हंगामात तेवढी फुरसत कोणाला असते?